बावीस सेकंदांची गल्ली

आमच्या लातूरच्या गल्लीत षटकार एकदम बसत नसे, तो घराघरानं येई. आधी कोपऱ्यावरच्या डिशवाल्यांकडे, मग चार-पाच सेकंदांनी केबलवाल्यांकडे, मग ज्यांचा टीव्ही वायफायवर चालतो त्यांच्याकडे आणि सगळ्यात शेवटी फोनवाल्यांकडे. बॅट एकच, चेंडू एकच, पण तेवढीशी गल्ली ओलांडायला त्याला जवळजवळ अर्धं मिनिट लागायचं. मी क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवणारा माणूस, पण आप्पांच्या घरी भाड्यानं राहायला जाईपर्यंत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

मी मूळचा नांदेडकडच्या लोह्याचा. लातूरला नोकरी लागली तेव्हा खोली शोधत आप्पांच्या दारात उभा राहिलो. कपाळाला विभूती, अंगात बनियन आणि डाव्या मनगटावर दोन घड्याळं. दोन घड्याळांचा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. विचारल्यावर म्हणाले, "हे टाइम बघायला. अन् हे मोजायला." काय मोजायला, ते त्यांनी सांगितलं नाही. खोली दाखवून झाल्यावर त्यांनी अटी सांगितल्या.

"एक, नळाला पाणी आठ दिवसांनी येतंय, टाकी भरून वाहू द्यायची न्हाई. दोन, घरात मटण न्हाई. तीन... मॅच बघता का?"

"बघतो की."

"कशावर?"

"फोनवर. नाहीतर कुणाकडं असेल तर टीव्हीवर."

आप्पांनी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या एका कागदावर माझ्या खोलीचं नाव टाकलं. "तर मग ऐका. विकेट पडू द्या न्हाईतर सिक्स बसू द्या, माझा हात खाली आल्याबिगर ओरडायचं न्हाई."

म्हातारा सटकलेला दिसतोय, असं माझं मत झालं. पण खोलीला दोन खिडक्या होत्या, आणि दोन खिडक्यांसाठी मी तेवढा वेडेपणा सोसायला तयार होतो.

तो कागद म्हणजे आमच्या गल्लीचा नकाशाच होता. कुणाच्या घरी चित्र किती उशिरा पोचतं ते त्यावर सेकंदांत लिहिलेलं. कोपऱ्यावरचं घर शून्य. आप्पांचं स्वतःचंही शून्य, कारण त्यांनी डिशची छत्री स्वतः गच्चीवर चढून बसवलेली. मग चार, पाच, अकरा. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ ओढून, 'दादा – २२'.

दादा म्हणजे आप्पांचे सख्खे थोरले भाऊ. ते अंगणातल्या भिंतीच्या पलीकडे राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली. दिवसभर ओसरीतल्या पलंगावर, भिंतीला अगदी लागून, उशीशी फोन टेकवून पडलेले असत. मॅच हा त्यांचा एकच शौक उरला होता. आणि हे दोघे भाऊ एकमेकांशी बारा वर्षं एक अक्षर बोललेले नव्हते.

म्हणजे हिशेब असा होता की ज्या भावाचं तोंड बघायचं नाही, त्याचा चेंडू शिळा होऊ नये म्हणून आप्पांनी सगळी गल्ली गप्प बसवली होती.

मॅचच्या दिवशी आप्पा बैठकीच्या उंबऱ्यात उभे राहत. तिथून एका डोळ्याला टीव्ही दिसे, दुसऱ्याला अंगण. काही घडलं की त्यांचा उजवा हात सरळ वर जायचा आणि डावं मनगट डोळ्यांपुढं यायचं. रेल्वे फाटक पडल्यावर माणसं थांबतात तशी आम्ही थांबायचो. आप्पांच्या घरच्या काकू पदर तोंडात धरायच्या. पलीकडच्या गच्च्यांवरची माणसं आप्पांच्या हाताकडे बघत राहायची. मग भिंतीपलीकडून पलंगाच्या फळीवर थाप पडायची, दादांच्या चांगल्या हाताची. ती पडली की आप्पांचा हात खाली, आणि गल्ली एकदम फुटायची. नवा माणूस रस्त्यानं चालला असेल तर दचकायचा.

लोक ऐकायचे कसे, याचं मला फार नवल वाटे. आजच्या दिवसांत कोण कुणाचं ऐकतं! मग कळलं, गल्लीत असा एकही टीव्ही नव्हता ज्याच्या पोटात आप्पांचा हात गेला नव्हता. गंजगोलाईच्या बाजाराकडच्या एका बोळात दोघा भावांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद झालं तरी आप्पा बोलावलं की पेचकस घेऊन जायचे.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला गाठलं. "सर, तुम्ही पोरायला उजेडाचा वेग शिकवता म्हणं?"

"हो."

"मग इथून वरच्या उपग्रहाला जाऊन खाली यायला किती टाइम लागंल?"

मी ऐटीत आकडा सांगितला. पाव सेकंदही नाही.

"मग दादाच्या फोनला बावीस सेकंद कामून लागायलेत? बाकीचा टाइम चेंडू कुठं बसतोय?"

आप्पा समाधानानं हसले आणि पुढचा तासभर त्यांनी मला चेंडूचा सगळा प्रवास सांगितला. मैदानातून बाहेर उभ्या गाडीत. गाडीत एक माणूस पंचवीस चित्रांमधून एक निवडतो. मग त्यावर स्कोअरची पट्टी चिकटवायची, जाहिराती जोडायच्या, बारीक तुकडे करायचे, आणि फोनवाल्याला ते तुकडे एकेक करून द्यायचे. "फोन गडी डरपोक हाय. आधी चार घास गालात भरून ठिवतो, मग चावतो. मधीच ताट काढून घेतलं तर उपाशी ऱ्हायला नको म्हणून." मी आजही वर्गात हेच सांगतो, आणि पोरांना कळतं.

टीव्हीचा आवाज ते बंद ठेवायचे. कॉमेंट्रीवर त्यांचा राग होता. "मला दिसायलंय की त्यानं चौका मारला. परत सांगायलेत कामून? रेडिओवाल्याला सांगावं लागायचं, कारण समोरच्याला दिसत नव्हतं. हे नुसतं तोंडाला काम." जाहिरातवाल्यांनी ओव्हरचा शेवटचा चेंडू संपायच्या आत साबण दाखवला की ते टीव्हीला पाठ करून उभे राहत आणि पुढची ओव्हर सुरू झाल्याचं काकूंनी सांगितल्याशिवाय वळत नसत. खेळापेक्षा त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे जास्त. आता हा तारेवर लटकलेला, आता हा साइटस्क्रीनच्या वरचा. एकदा गवतावर कॅमेऱ्याची सावली पळताना दिसली तर त्यांनी मला वरच्या खोलीतून हाक मारून बोलावलं. गर्दीत कुणी बाई पोराचं नाक पुसताना दिसली की खूश. "बघा सर, त्या कॅमेरावाल्याला बी कंटाळा येतोय. त्यो बी माणसंच हुडकायलाय."

सगळ्यात जास्त चीड त्यांना सावकाश दाखवलेल्या रिप्लेची. "माणसाला इतकं हळू बघू न्हाई. कुणीबी खोटारडा दिसतो."

हे वाक्य ते निव्वळ क्रिकेटबद्दल बोलत नव्हते, हे मला उशिरा समजलं.

माझ्याकडून एकदा गुन्हा घडला. रविवार होता, बायकांची मॅच होती, मी आप्पांच्या बैठकीत बसलो होतो आणि आपल्या एका पोरीनं सीमारेषेवर असा काही झेल घेतला की माझ्या तोंडातून "गेलीऽऽ!" निघून गेलं. आप्पांचा हात वरच होता. पलीकडून थाप आलीच नाही. बावीस झाले, तीस झाले. आप्पांनी टीव्ही बंद केला, माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता.

"सर, त्याचा चेंडू खाल्लात तुम्ही."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी शेवटी काकूंना विचारलं, की एका झेलाचं एवढं काय? तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात बसवून जुनी गोष्ट सांगितली.

दुकान नवं होतं तेव्हाची. लातुरात तेव्हा टीव्ही थोडेच, आणि चित्र यायचं ते अँटेना हातानं धरली तर. मॅचच्या दिवशी दुकानाच्या दारात टीव्ही मांडायचे, पुढं ही गर्दी. दादा गच्चीवर अँटेनाचा दांडा धरून, आप्पा खाली. "आलं! गेलं! जरा डावीकडं! आलं!" दांडा सोडला की पडद्यावर मुंग्या. त्यामुळं दादांनी मॅच अशी कधी पाहिलीच नाही. आप्पा खालून ओरडून सांगायचे, बॉलर निघाला, टाकला, मारला, आणि दादा वरून ऐकायचे. एका मोठ्या मॅचला शेवटचा चेंडू पडला, आपण जिंकलो, गर्दी उठली आणि नाचत चौकात गेली. आप्पाही गेले. गुलाल उधळला, बँडपुढं नाचले. अर्ध्या तासानं परत आले तर दुकान रिकामं, टीव्ही चालूच, आणि गच्चीवर दादा दांडा धरून तसेच उभे.

"वरून विचारलं त्यायनी, काय झालं रे?" काकू म्हणाल्या. "एवढंच. रागावले बी न्हाईत. ह्यायच्या डोस्क्यात गुलाल. त्या दिवसाचं अजून काढतेत झोपेत."

आणि बारा वर्षांचा अबोला? तो दुकानाचाच. मोबाइल आले तेव्हा दादा म्हणाले, आता फोन दुरुस्त करायचे, टीव्हीचे दिवस गेले. आप्पा म्हणाले, ह्या पाटीखाली टीव्हीच. तकरार वाढली, गिऱ्हाइकांच्या समोर दादा बोलून गेले, "तुला खाली उभं राहून ओरडण्यापलीकडं येतंय तरी काय?" आप्पांनी पेचकस खाली ठेवला आणि घरी आले. पुढं दुकान मिटलं, अंगणात भिंत उठली. दोघेही हट्टाचे असे पक्के की दादांनी घरात टीव्ही येऊ दिला नाही, आणि आप्पांनी साधा फोन तेवढा ठेवला, फक्त बोलायचा.

"ते वाक्य तेवढं लई डाचलं बघा," काकू म्हणाल्या. "रोज मनात फिरवून फिरवून बघितलं त्यायनी."

मी बैठकीत जाऊन आप्पांची माफी मागितली. त्यांनी कागदावरच्या माझ्या नावापुढं एक फुली मारली. "तीन झाल्या की खोली सोडायची." त्यानंतर मी गल्लीतला सगळ्यात गप्प प्रेक्षक झालो.

मग तो मार्चमधला दिवस आला. आपल्या पोरींची मॅच होती, दुपारची. वारं सकाळपासून सुटलेलं, गल्लीतले फोन मधूनमधून मुके होत होते. शेवटच्या षटकात सात धावा हव्या होत्या. आप्पा उंबऱ्यात, काकू आणि मी खाली चटईवर, समोरच्या गच्चीवर दहा-बारा माणसं.

पहिला चेंडू कोरा गेला. दुसऱ्यावर एक धाव. तिसऱ्यावर चौका, आणि आप्पांचा हात वर. बावीस सेकंद झाले, थाप नाही. हात वरच. चौथ्या चेंडूवर आपली खेळाडू बोल्ड. थाप नाही. नवी पोरगी आली, पाचव्याला तिनं बॅट नुसती फिरवली, झेल सुटला आणि दोघींनी धावत दोन काढल्या. जिंकलो. पडद्यावर आपल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आणि इकडं समोरच्या गच्चीवर माणसं तोंडावर हात दाबून उभी होती. कोपऱ्यावरच्या घरातून फटाक्याची माळ हातात घेऊन एक जण बाहेर आला आणि आप्पांचा हात बघून तसाच थांबला.

भिंतीपलीकडून दादांच्या सुनेचा आवाज आला. "नेटच गेलंय मामा. गोल गोल फिरायलंय नुसतं."

आणि मग दादांचा आवाज. झटक्यानं जीभ जड झालेली, शब्द घसरत येत होते, पण सगळ्या गल्लीला कळले.

"काय झालं रे?"

बारा वर्षांनी. मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील, जिंकलो म्हणून. आप्पांनी काकूंना खुणेनं टीव्ही बंद करायला लावला. अंगणात उतरले, भिंतीपाशी गेले, मान वर केली, जणू वर गच्ची आहे.

"थांब दादा," ते म्हणाले. "अजून व्हायचंय. सहा बॉल हायेत अन् सात पायजेत."

त्यांनी डावं मनगट डोळ्यांपुढं धरलं.

"बॉलर चेंडू पुसायलीय. लांबून यायलीय... टाकला... गेला, गेला किपरकडं! कोरा! पाच बॉल, सात."

मी कितीतरी कॉमेंट्री ऐकली आहे, पण असा ओरडणारा माणूस ऐकला नाही. प्रत्येक चेंडूला जेवढा वेळ लागला होता, तेवढाच आप्पा घेत होते. मधल्या वेळात फिल्डिंग सांगत, कॅप्टन कुणाला मागं सारतेय ते सांगत. चौका सांगताना त्यांचा आवाज चिरला. बोल्डच्या वेळी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, भिंतीला तो दिसणार नव्हता तरी. "गेली दादा, दांडकंच उडालं... नवी पोरगी यायलीय. लहान हाय लई. हेल्मेट नीट करायलीय." समोरच्या गच्चीवरच्या बाया डोळे पुसत होत्या. सगळ्यांना निकाल ठाऊक होता, आणि तरी त्या पाचव्या चेंडूला मी चटईवरून उठून आप्पांजवळ जाऊन उभा राहिलो. वाटलं, ह्या वेळी झेल घेतला तर?

"उचलला... वर गेलाय, खाली बाई हाय, खाली हाय... सोडलाऽऽ! पळा गं! एक! वळल्या! दोनऽऽ! दादा, जिंकलो! दादा!"

पहिला आवाज शेवटच्या घरातून आला. दादांनी फळीवर धाड धाड थापा मारल्या आणि अर्ध्या तोंडानं जे काही ओरडले ते शब्द नव्हतेच. मग गल्ली फुटली, माळ पेटली. त्या दणक्यातही मी आप्पांजवळ उभा असल्यामुळे भिंतीपलीकडचं पुढचं वाक्य मला ऐकू आलं.

"अजून चांगलं ओरडतोस की."

आप्पा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मी आत निघून आलो, कारण त्यांचं रडणं बघणं मला बरं वाटलं नाही.

नंतर भिंत पडली नाही, गळाभेट झाली नाही. पण मॅचच्या दिवशी भिंतीच्या अलीकडून पलीकडं बोलणं व्हायला लागलं, तेही मॅचपुरतं. "बॉलिंग बदलायला पायजे." "हाव." एवढंच. हात वर जाणं मात्र सुटलं नाही.

वर्षभरानं मला नांदेडच्या कॉलेजात जागा मिळाली. निघायच्या दिवशी मॅच होती. दादांचा निरोप घ्यायला पलीकडं निघालो तर आप्पांनी मोजायचं घड्याळ मनगटावरून काढून माझ्या हातात दिलं. "चाललातच तर बघून या. नवा फोन घेतलाय म्हणं त्यानं. अजून बावीसच हाय का कमी झालंय. मी थापेवरून मोजतो, पण आतून कुणी बघितलं न्हाई."

दादा पलंगावर होते. मी शेजारी स्टुलावर बसलो. फोनवर बॉलर अजून मागं चालत जात होता. पलीकडं आप्पांच्या घरात एकदम सगळं चिडीचूप झालं, तेव्हा मी घड्याळ चालू केलं. पाचव्या सेकंदाला दादांच्या फोनवर टिंग वाजलं आणि वरच्या कडेला पट्टी आली. विकेट. स्कोअरचा मेसेज. चित्रातला बॉलर अजून वळलाही नव्हता.

मी दादांकडे पाहिलं. ते फोनकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. चित्र बाविसाव्या सेकंदाला आलं, दांडी उडाली, आणि दादांनी चांगला हात उचलून फळीवर थाप मारली. पलीकडं गल्ली ओरडली.

"दादा," मी म्हणालो, "तुम्हाला आधीच कळतं?"

"हाव. पयल्यापासून. जुन्या फोनवर बी यायचं." अर्धं तोंड हसलं. "बंद करता येतंय. नातवानं विचारलं होतं, करू का म्हणून."

"मग आप्पांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर त्यो हात खाली करंल." त्यांनी चांगल्या हातानं भिंतीकडं दाखवलं. "सूनबाई सांगती मला, कसा उभा ऱ्हातो ते. दोन घड्याळं घालून. मी आपला थाप मारतो टायमावर."

"आणि त्या दिवशी? शेवटची ओव्हर?"

"त्या दिवशी नेटच नव्हतं. मेसेज बी न्हाई. तेवढी एकच ओव्हर मला ठाव नव्हती, सर. म्हणून तर इचारलं." डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी चांगला हात उचलला. "त्याला बोलू नका."

मी परत आलो. आप्पा पेन्सिल घेऊन कागदापाशी उभे होते. टीव्ही घेऊन सगळं आयुष्य काढलेला माणूस, चेंडूच्या प्रवासातला प्रत्येक थांबा ज्यानं मोजला होता, आणि साधा बोलायचा फोन वापरत असल्यामुळे एक टिंग त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. फिजिक्सवाला म्हणून माझी जीभ शिवशिवली. एवढं नवं काही सापडल्यावर मी कधी गप्प बसलेलो नाही.

"किती भरलं?" आप्पांनी विचारलं.

"बावीस," मी म्हणालो. "बावीसच आहे, आप्पा. काही कमी झालं नाही."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि बावीसच्या खाली त्यांनी आजची तारीख घातली.